भोपळ्याला गुडघे नसतात

गोष्ट सांगावी तर विमलाक्कानं, असं बेंगळूरला बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत म्हणतात, आणि ते खोटं आहे असं मी काही म्हणणार नाही. श्रावणात शुक्रवारची कहाणी ऐकायला बायका माझ्याकडंच येतात. पुस्तक समोर असतं, पण ते देवापुढं ठेवायचं म्हणून. मला सगळ्या कहाण्या तोंडपाठ आहेत. आवाज कुठं उतरवायचा, कुठं थांबून ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडं बघायचं, हे मला कोणी शिकवलं नाही, आमच्या माहेरच्या रक्तातच ते आहे. आमचे हे, म्हणजे गुरुराज, म्हणतात की रक्तात गोष्टी आहेत आणि नाकावर राग आहे. म्हणोत बापडे.

तर मागच्या डिसेंबरात माझी सून मला म्हणाली, "अम्मा, राग नका धरू, पण गोष्ट सांगण्यात माझी इमा, माझी आई, तुमच्याहून भारी होती." राग धरू नको म्हटलं की तो हमखास येतो. मी म्हटलं, "होती म्हणजे? आहे ना अजून, त्या खिडकीत बसलीय ती कोण मग?" त्यावर सून ढसाढसा रडायला लागली, आणि माझा राग कुठच्या कुठं गेला.

सून माझी मणिपूरची, मैतेई. लिंथोइ तिचं नाव. माझ्या मुलाच्या, श्रीहरीच्या ऑफिसात होती, तिथंच दोघांचं जमलं आणि मराठीही ती तिथंच शिकली. बेळ्ळंदूरला तळ्याकाठच्या एका उंच इमारतीत ती राहतात. नात स्मृती सात वर्षांची आहे. ती बापाशी आणि माझ्याशी मराठी बोलते, आईशी मैतेई, खाली खेळायला गेली की कन्नड, आणि रुसली की इंग्लिश. मी तिची अज्जी, आणि लिंथोइची आई तिची अबोक. मैतेईत आजीला तसं म्हणतात, आणि आईला इमा.

माझ्या विहीणबाईंचं नाव मेमतोम्बी. दिवाळीनंतर लिंथोइनं त्यांना बेंगळूरला आणलं. इंफाळपासून थोड्या अंतरावर त्यांचं गाव. तिकडं जे पेटलं त्यात त्यांचं घर जळालं आणि त्या छावणीत जाऊन राहिल्या, एका शाळेच्या हॉलमध्ये, साडीच्या पडद्याआड. कोणी जाळलं, का जाळलं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नवरा फार पूर्वीच गेलेला, मुलगा गुवाहाटीला. लेकीकडं आल्या त्या तोंडाला कुलूप लावूनच. दार लाव, पाणी दे, एवढंच बोलायच्या, आणि दिवसभर खिडकीतून त्या फेसाळ तळ्याकडं बघत बसायच्या.

लिंथोइ डोळे पुसत मला सांगत होती, "आमच्यात चुलीजवळ बसून गोष्टी सांगतात, अम्मा. फुंगा वारी म्हणतात. फुंगा म्हणजे चूल, वारी म्हणजे गोष्ट. संध्याकाळ झाली की गल्लीतली सगळी पोरं आमच्या घरी. इमा सांगायची, आम्ही जेवायचं विसरायचो. मी लहानपणीच हॉस्टेलला गेले, मला सगळं अर्धं अर्धं आठवतं. स्मृतीला सांगायला बसते आणि मध्येच गोष्ट हरवते. इमाला म्हटलं तू सांग, तर म्हणते, चूल जळली, गोष्टी पण जळल्या. आता रोज एकच धोशा, मला परत छावणीत सोड. तिथं जाऊन काय करणार ती? भिंतीकडं बघत बसेल आणि अशीच एक दिवस संपेल."

हे ऐकून मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली, तीही सांगते. माझ्याहून भारी सांगणारी बाई त्या खिडकीत बसलीय आणि तिच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडत नाही, याची मला चीड आली. श्रीहरी ऑफिसच्या कामासाठी परदेशी जाणार होता. मी आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही तुमची खिचडी करून खा, मी बेळ्ळंदूरला चालले. बघतेच कशा बोलत नाहीत त्या.

माझा तिथं राहण्याचा थाट वेगळा असतो. माझी भांडी वेगळ्या कपाटात असतात, कारण त्या घरात मासा शिजतो. आम्ही माध्व, कट्टर वैष्णव. कांदा-लसूणसुद्धा एकादशीच्या आसपास आमच्या उंबऱ्याबाहेर राहतात. पण पहिल्याच सकाळी मी बघितलं, विहीणबाईंनी अंघोळ केली, डबी काढली आणि नाकापासून कपाळापर्यंत गोपीचंदन लावलं. अगदी आमचे हे लावतात तसं! डबीत चिमूटभरच उरलं होतं. मी माझ्या पिशवीतली ह्यांच्यासाठी उडुपीहून आणलेली कांडी काढून पुढं केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वास घेतला आणि माझ्याकडं बघून मान डोलावली. मला वाटलं, झालं, आता बोलतील. कसचं काय!

मग मी डोकं चालवलं. चुलीजवळच्या गोष्टी, म्हणजे जाळ पाहिजे. मी विहीणबाईंना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावर बसवलं, आणि नुसताच गॅस पेटवून समोर उभी राहिले. त्यांनी जाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, उठून गॅस बंद केला आणि परत खिडकीत जाऊन बसल्या. वर स्मृतीजवळ काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं तर स्मृती म्हणाली, "अज्जी, अबोक म्हणते गॅस फुकट जातो."

गुरुवारी लिंथोइ मला गाडीतून मठात घेऊन गेली. येताना रिंग रोडवर नेहमीसारखं सगळं ठप्प. पुढं बस, मागं बस, मध्ये आम्ही. मी म्हटलं, "एखादी गोष्ट सांग बघू तुझ्या इमाची. जेवढी आठवते तेवढी."

तिनं स्टिअरिंगवरचे हात सोडले आणि सांगायला लागली. एका घरात दोन सवती. दोघींना एकेक मुलगी. दोघी टोपल्या घेऊन तळ्यावर मासे धरायला जातात. एकीची टोपली माशांनी भरते, दुसरीच्या टोपलीत नुसते साप येतात. दुसरी जळफळते आणि पहिलीला पाण्यात ढकलून मारते. मेलेली आई कासव होते. मुलीच्या स्वप्नात येऊन म्हणते, मला घरी ने, मडक्यात झाकून ठेव, कोणाला सांगू नको, मी परत माणूस होईन. मुलगी नेते. पण सावत्र बहिणीला पत्ता लागतो, आणि सावत्र आई हुकूम सोडते की हे कासव शिजव. त्या मुलीनंच शिजवायचं.

"अय्यो," मी म्हटलं. "मग?"

"मग पाणी तापतं, आणि कासव बोलतं. काहीतरी गुडघ्याचं. ते फार चांगलं होतं, अम्मा, आम्ही सगळी पोरं तिथं रडायचो. पण काय होतं ते आठवतच नाही."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि आम्ही चार हात पुढं सरकलो. लिंथोइ अजून गुडघा, गुडघा असं पुटपुटत होती. स्वतःच्या आईची गोष्ट आठवत नाही म्हणून कोणी इतकं हळहळलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि तिथंच मी ठरवलं, आज संध्याकाळी ही गोष्ट मी स्मृतीला सांगणार. विहीणबाईंच्या कानावर पडेल अशी सांगणार.

आता माझी पंचाईत बघा. मासा म्हणजे मत्स्यावतार. कासव म्हणजे कूर्मावतार. दशावतारातले पहिले दोन अवतार एकाच गोष्टीत, एक टोपलीत आणि एक मडक्यात! रोज सकाळी विष्णूचं नाव घेणाऱ्या तोंडानं, कासव चुलीवर ठेवलं, असं मी म्हणू कशी? जीभ झडेल. पण गोष्टी सांगण्यात मुरलेल्या बाईला मार्ग सुचतो. मासे काढून टाकले आणि पडवळ घातलं. कासव काढून टाकलं आणि भोपळा घातला. चांगला मोठा, लाल भोपळा. मला तर वाटलं, गोष्ट सुधारलीच.

लिंथोइ मला घरी सोडून ऑफिसला गेली होती. संध्याकाळी स्मृतीला पुढ्यात घेतलं. विहीणबाई खिडकीत. मी आवाज लावला. दोन सवती मळ्यात गेल्या, एकीची टोपली पडवळांनी भरली, दुसरीच्या टोपलीत साप निघाले. स्मृती ऐकत होती. आई मेली आणि भोपळा झाली, तेव्हा तिनं भुवया उंचावल्या. मी भोपळा मडक्यात घातला, मडकं चुलीवर ठेवलं, जाळ केला, आणि श्रावणात जो आवाज काढून मी बायकांना रडवते तो काढून म्हटलं, "भोपळा म्हणाला, बाळे, पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आलं गं!"

"अज्जी, भोपळ्याला गुडघे असतात?" स्मृतीनं विचारलं, आणि ती हसत सुटली. सोफ्यावर लोळून हसली, पोट धरून हसली. मलाही हसू यायला लागलं.

तेवढ्यात विहीणबाई उठल्या. स्मृतीला त्यांनी काहीतरी विचारलं. हसत हसतच तिनं सगळं सांगितलं. त्यात तिनं हातांनी केवढा तरी गोल भोपळा करून दाखवला तो मला कळला. विहीणबाईंचा चेहरा लाल झाला. आणि मग माझ्यासमोर उभं राहून त्या बोलायला लागल्या. दोन महिने जी बाई दार लाव आणि पाणी दे याच्यापलीकडं गेली नव्हती, ती थांबेचना! शब्द एक कळत नव्हता, पण आयुष्यभर लोकांना झाडत आलेली मी, झाडणं कुठल्याही भाषेत ओळखते. मध्ये मध्ये "थेंगू, थेंगू" येत होतं. थेंगू म्हणजे कासव, स्मृतीनं सांगितलं.

मी ऐकून घेणाऱ्यातली थोडीच आहे? मीही उभी राहिले. "स्मृती, सांग त्यांना. आम्ही विष्णूचे भक्त. कासव आम्हाला देव आहे. देवाला चुलीवर ठेवून मी गोष्ट सांगणार नाही. सांग!"

स्मृतीनं सांगितलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं. कपाळावरच्या गोपीचंदनाकडं त्यांनी बोट नेलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून काहीतरी म्हणाल्या.

स्मृती आता हसत नव्हती. "अबोक म्हणते, विष्णू तिचा पण देव आहे. कासव शिजवायचं नसतंच. आई शिजवायची असते का? भोपळा कापला तर कोणाला काय वाटणार? नको, नको असं वाटलं पाहिजे, म्हणून ते कासव आहे. अज्जी, अबोक म्हणते तुला जे वाटलं ना, तेच त्या मुलीला वाटलं. तू तेच काढून टाकलंस."

मनात पहिलं आलं ते हे, की ही बाई खरंच माझ्याहून भारी आहे. सुनेनं सांगितलं होतं तेव्हा राग आला होता, आता तो आला नाही. मी खाली जमिनीवर मांडी घातली, आजवर बायका माझ्यासमोर घालतात तशी, आणि म्हटलं, "स्मृती, अबोकला म्हणावं सांगा. मी ऐकते."

विहीणबाई टीपॉयसमोर बसल्या. सुरुवातीला आवाज घोगरा होता, आठवून आठवून सांगत होत्या. स्मृती जमेल तसं मराठी करत होती. तळं आलं, मासे आले, बरेच मासे आले, आणि माझी जीभ झडली नाही. मुलगी कासवाला घेऊन घरी आली, तेव्हा विहीणबाईंनी ओंजळ अशी छातीशी धरली की त्यात काहीतरी ओलं, जड आहे असं मला दिसलं. मग चूल आली. टीपॉयखाली हात घालून त्यांनी लाकडं सारली. तिथं जाळ नव्हता की धूर नव्हता, पण त्यांनी डोळे बारीक केले आणि मीही केले.

कासव म्हणालं, पोरी, पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं. मुलीनं रडत रडत लाकूड ओढून बाहेर काढलं. आतून सावत्र आई ओरडली, जाळ का कमी झाला? मुलीनं लाकूड परत आत सारलं. पोरी, पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. लाकूड बाहेर. जाळ का कमी झाला? लाकूड आत.

"ओढ ना गं बाहेर! ओढ!" मी ओरडले.

विहीणबाईंनी माझ्याकडं न बघता नुसतं एक बोट वर केलं. गप्प! बनशंकरीच्या विमलाक्काला गोष्टीत गप्प बस म्हणून सांगणारी दुसरी कोणी अजून जन्मायची आहे. मी गप्प बसले.

दाराशी लिंथोइ कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. खांद्याला लॅपटॉपची बॅग, एक चप्पल पायात, एक हातात. विहीणबाईंनी तिला बघितलं, पण गोष्ट थांबवली नाही, हातानंच बस म्हटलं. ती तिथंच दारात खाली बसली. पोरी, पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं. पोरी, पाणी माझ्या छातीपर्यंत आलं. आणि त्याच्या पुढचं वाक्य दोघींनी एकदम म्हटलं, आईनं आणि लेकीनं, एका सुरात. लिंथोइला ते आठवलं होतं. ती रडत होती आणि म्हणत होती. स्मृतीनं ते मराठीत केलं नाही आणि मी विचारलंही नाही.

पुढं त्या हाडांचं काय झालं, मुलगी राणी कशी झाली आणि तिला कबूतर का व्हावं लागलं, ते सगळं संपायला आणखी एक संध्याकाळ गेली. आणि मग काय, धरण फुटलं. भिंतीतून लांबलचक हात आत घालून पोरांना चाचपणारी भुताळी आली. सावत्र आईच्या जाचाला कंटाळून धनेश पक्षी होऊन उडून गेलेली मुलगी आली. बोक्याची खोटी स्तुती करून करून पिल्लांना पंख फुटेपर्यंत वेळ काढणारी चिमुकली पाखरीण आली. ती तर मला इतकी आवडली की मी तीन वेळा सांगायला लावली. इमारतीतली पोरं येऊन बसायला लागली. मी ह्यांना फोन करून कळवलं की आणखी स्वल्प दिवस राहते, खिचडीचं बघा.

संक्रांतीला मात्र घरी जाणं भाग होतं. एळ्ळू-बेल्ला, म्हणजे आपला तिळगूळ, वाटायचा, सगळे नातेवाईक आमच्याकडं जमतात, आणि जेवणानंतर गोष्ट सांगायचा मान दरवर्षी माझा. मी विहीणबाईंना सोबत घेऊन गेले. जेवणं झाली, बायका-पोरं हॉलमध्ये दाटीवाटीनं बसली, पुरुष खुर्च्यांवर. मी म्हटलं, "या वर्षी माझ्या विहीणबाई सांगणार. त्यांच्यामागून मराठीत मी सांगेन. मला ती पाठ झालीय."

पुण्याहून माझी नणंद सुलभा आली होती. देवघर हॉलला लागूनच, दार सताड उघडं. विहीणबाईंनी सुरुवात केली. टोपली माशांनी भरली, इथं त्या थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना मराठी येत नव्हती, पण आता मी काय म्हणते हे त्यांना बरोबर कळणार होतं. मी म्हटलं, "आणि तिची टोपली माशांनी भरली."

सुलभा माझ्या कानाशी आली. "वहिनी, अगं प्लीज! समोर देव आहेत. थोडं ॲडजस्ट करून सांग ना, कोणाला कळतंय?"

मी हळू बोलणाऱ्यातली नाही. "मासा आणि कासव व्हायला देवाला कमीपणा वाटला नाही, सुलभा, मग आपल्याला नुसतं नाव घ्यायला का वाटावा? ही गोष्ट यांची आहे. यांच्या घराची एक वीट उरलेली नाही, ही उरलीय. ती मी जशीच्या तशी सांगणार. ज्याला ऐकायची नाही त्यानं गच्चीवर जाऊन पतंग बघावेत."

कोणी उठलं नाही. खुर्चीवरून ह्यांचा आवाज आला, "सरी, बरोबर आहे, पुढं सांगा." मी कासव म्हटलं. मडकं म्हटलं. चूल म्हटलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा त्या भरल्या हॉलमध्ये कोणी हसलं नाही. देवघराच्या उंबऱ्यापर्यंत बसलेल्या आमच्या सोवळ्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, आणि सगळ्यात मोठ्यानं नाक ओढत होती सुलभा. इतक्या वर्षांत मी सांगितलेल्या कुठल्याही कहाणीला आमच्या घरात असं झालेलं नाही. माझी छाती अभिमानानं फुगली होती. स्वतःबद्दल तो मला कायमच वाटत आलाय, पण त्या दिवशी वाटला तो दुसऱ्या बाईचा, आणि तो जास्त गोड लागला.

नंतर सुलभानं विहीणबाईंचे हात हातात घेतले आणि हिंदीत विचारलं, आता तुम्ही इथंच राहणार ना? विहीणबाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "नहीं. मैं जाएगा. अगला महीना."

लिंथोइ तिळगुळाचं ताट घेऊन येत होती, ती जागीच थांबली. त्या संध्याकाळी आम्ही बेळ्ळंदूरला परतलो. घरात पाऊल टाकलं आणि तिचा बांध फुटला. "अम्मा, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती. दोन महिने दगडासारखी बसली होती, आता कुठं मला माझी आई परत मिळाली, तर ही निघाली! कुठं, तर त्या छावणीत! तिथं काय आहे हिचं?"

खरं सांगायचं तर मलाही त्या जायला नको होत्या. या वयात मैत्रीण मिळणं सोपं नाही, आणि माझ्यासारखीला तर नाहीच. मी म्हटलं, "विहीणबाई, मत जाओ. हम सब हैं ना इधर."

विहीणबाईंनी माझ्याकडं बघून शब्द जुळवत जुळवत सांगितलं, "उधर बच्चा लोग है. बहुत बच्चा. घर नहीं, चूल्हा नहीं." मग म्हणाल्या, "कहानी भी नहीं?"

महिन्यापूर्वी छावणीत सोडा म्हणत होत्या तेव्हा त्या संपायला निघाल्या होत्या, लिंथोइची भीती खरी होती. आता त्या कामाला निघाल्या होत्या. हा फरक त्यांच्या लेकीला दिसत नव्हता, कारण ती लेक होती. मला दिसला.

"मग मी?" लिंथोइनं विचारलं. मराठीतच विचारलं, कोणाला ते तिलाही कळलं नसावं. स्मृतीनं ते अबोकला सांगितलं. विहीणबाई लेकीजवळ गेल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि थोडंसंच बोलल्या. लिंथोइनं मान खाली घातली.

"काय म्हणाल्या?" मी स्मृतीला विचारलं.

"म्हणाली, गोष्ट तुला आता येते."

मी सुनेला जवळ घेतलं. म्हटलं, "जाऊ दे गं तिला. मी सांगते म्हणून जाऊ दे. उद्यापासून स्मृतीला तू सांगायचीस. अडलीस की मी आहे, पाखरिणीपर्यंत सगळ्या मला पाठ आहेत." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडली. शेवटी हो म्हणाली.

फेब्रुवारीत आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. विहीणबाई त्यांच्या पद्धतीचं पट्ट्यापट्ट्यांचं फानेक नेसल्या होत्या, वर पातळ पांढरी ओढणी, कपाळावर ताजं गोपीचंदन. दारावरच्या जवानानं त्यांचं तिकीट आणि कार्ड बघितलं. कार्डावरचा पत्ता वाचून त्यानं मान वर केली. तिकडचं सगळं त्याला ठाऊक असावं, कारण त्याचा आवाज जरा खाली आला. "अम्मा, अकेली जा रही हो? वहाँ अब कौन है आपका?"

विहीणबाईंना चटकन हिंदी सुचेना. त्या वळून आमच्याकडं बघायला लागल्या. लिंथोइच्या डोळ्यांना धार लागली होती, तिच्यानं बोलवेना. मग कठड्याच्या अलीकडून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, मी ओरडून सांगितलं, "बच्चे हैं उनके! बहुत सारे! सब रास्ता देख रहे हैं! कहानी सुनाने जा रही हैं हमारी विहीणबाई!"

जवानानं तिकीट दोन्ही हातांनी परत दिलं आणि बाजूला होऊन वाट करून दिली. विहीणबाई पाठ ताठ करून आत गेल्या.